आबांची बुलेट आणि माझा कान

गाडी चालवायची पुरुषांनी, दुरुस्त करायची मिस्त्रीने आणि पदर सावरत मागे बसायचं आपण. ही वाटणी आमच्याही घरात होती. गेल्या हिवाळ्यात आमच्या अंगणात ती मोडली, त्याची ही गोष्ट!

दिवाळी सरली की आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकचे आवाजच बदलतात. एका अंगाला सोमेश्वरचा कारखाना, दुसऱ्या अंगाला माळेगावचा. ऊसतोड्यांच्या टोळ्या उतरतात, बैलांच्या गळ्यातली घुंगरं पहाटेपासून वाजायला लागतात, उसाने लादलेले ट्रॅक्टर बारामती-नीरा रस्त्यावरून घरघरत जातात. या सगळ्या गलक्यातही एक आवाज मी झोपेतसुद्धा ओळखायची. आमच्या आबांच्या बुलेटचा. डग... डग... डग... दोन ठोक्यांच्या मध्ये एक घोट चहा प्यावा, इतका निवांत.

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी ही गाडी १९७४ साली घेतली. उसाचं बिल आलं, तेव्हा सासूबाईंना पाटल्या हव्या होत्या. आल्या त्या बुलेटच्या चाव्या! ही गोष्ट सासूबाई शेवटपर्यंत सांगायच्या, कधी हसून तर कधी खरंच रागावून. पण याच गाडीने घरासाठी काय नाही केलं? खताची पोती आणली, दुधाचे कॅन वाहिले, श्रावणी सोमवारी करंज्याच्या सोमेश्वराला घरातल्या सगळ्या बायकांना एकेक करून पोचवलं. माझ्या थोरलीच्या वेळी रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या. गावात जीप होती, पण ड्रायव्हर सापडेना. आबांनी बुलेटला किक मारली. मागे मी आणि माझ्या मागे सासूबाई मला धरून. बारामतीच्या दवाखान्यापर्यंत त्या माउलीने मला घट्ट आवळून धरलं होतं आणि बुलेटने एकदाही आचका दिला नव्हता. मैत्रिणींनो, अशा गाडीला लोखंड म्हणवत नाही हो.

लेकाने केला कायापालट

आबांचं वय झालं तशी बुलेट गोठ्याशेजारच्या पडवीत उभी राहिली. आमच्या ह्यांना तिचं वेड कधीच नव्हतं. त्यांची भिस्त १०० सीसीच्या गाडीवर, लिटरला किती पळते तेवढं विचारायचं. मग पुण्याला नोकरीला लागलेला माझा लेक एकदा म्हणाला, "आबा, मी नेऊ का गाडी? नवी करून आणतो." आबांनी मान हलवली. आठ महिन्यांनी गाडी आली आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. वर उचललेलं हॅन्डल खाली बसलं होतं, लांब सीट जाऊन आखूड सीट आली होती, हवेच्या फिल्टरचा डबा जाऊन तिथे उघडा गोल फिल्टर लागला होता. सायलेन्सर असा की गल्लीतली कुत्री पळून गेली. आणि साडी गार्ड? "आई, ते जुनाट दिसतं गं," म्हणून तोही गायब.

दिसायला गाडी देखणी झाली होती, खोटं कशाला बोलू! पण चालेना. थंड असताना दहा-दहा किका मागायची. सुरू झाली तर उभ्या जागी बंद पडायची. रेस सोडली की सायलेन्सरमधून फटाके वाजायचे. चढाला दम लागायचा आणि इंजिन असं तापायचं की पाय भाजावा. शहरातल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "कार्बोरेटर गेला, नवा टाका." नवा टाकला. पैसे गेले, दुखणं तसंच राहिलं. शेवटी लेक वैतागून म्हणाला, "आई, विकून टाकू. हौशी लोक चांगले पैसे देतात."

आबा पडवीत बसले होते. त्यांना ऐकू गेलं नाही. गेली चार वर्षं त्यांचे कान जवळजवळ गेलेत. पण माझा चेहरा बघून त्यांना कळलं असावं. त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं आणि म्हणाले, "सूनबाई, कार्बोरेटर बिघडल्याला न्हाय. त्यो लावायचा ऱ्हायलाय. म्या स्क्रू फिरवतो, पर मला ऐकू येत न्हाय. तू ऐकशील का?"

पंचवीस वर्षं या घरात आहे. या गाडीबाबत मला कुणी पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

स्टोव्ह, पाण्याची टाकी आणि शिलाईची सुई

आबांची पहिली अट, तो सायलेन्सर उतरवायचा. "त्या गोंगाटात इंजिन काय बोलतंय ते कसं कळंल?" लेकाने कुरकुर केली, पण माळ्यावरचा जुना सायलेन्सर काढून बसवला. दुसरी अट माझी, काम अंगणातच करायचं, पडवीत दार लावून नाही. चालू गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना वास ना रंग, पण बंद जागेत तो जीव घेतो.

मग आबांनी कार्बोरेटर सोडवून जुन्या परातीत मांडला. मूठभर जस्ती-ॲल्युमिनियमचं ते यंत्र बघून मला वाटलं, हे आपल्याला काय कळणार? पण आबा सांगत गेले तसतसं लक्षात आलं, अरेच्चा, यातलं प्रत्येक काम तर मी स्वयंपाकघरात करतेच आहे!

कार्बोरेटरचं काम एकच, हवेत पेट्रोलचा बारीक फवारा योग्य मापात मिसळायचा. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण पावणेपंधरा भाग हवा लागते. तुम्हाला पंपाचा रॉकेल स्टोव्ह आठवतो का? हवा आणि रॉकेल जमलं की निळी ज्योत आणि 'सुर्रर्र' असा एकसारखा आवाज. रॉकेल जास्त झालं की पिवळी ज्योत आणि भांड्याला काजळी. हवा जास्त झाली की ज्योत फडफडून विझायची. गाडीचंही अगदी तसंच. फक्त ज्योत दिसत नाही, ती आवाजावरून ओळखायची.

खालच्या वाटीत पेट्रोल साठतं आणि त्यात फ्लोट तरंगतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीत तरंगता बॉल असतो ना, पाणी भरलं की नळ आपोआप बंद करणारा? तेच काम. तो बॉल अडकला की टाकी वाहते. फ्लोट अडकला की गाडीतून पेट्रोल गळतं.

वाटीच्या वर पितळेचे दोन इवलेसे जेट असतात. स्लो जेट गाडी उभी असताना आणि हळू चालताना पेट्रोल पुरवतो. मेन जेट जोरात पळताना. दोन्हींच्या मधल्या वेगाला एक निमुळती सुई काम करते. रेस दिली की सुई वर उचलते, भोक मोकळं होतं, पेट्रोल वाढतं. सुईच्या डोक्याला खाचा असतात आणि त्यात एक चिमुकली क्लिप. क्लिप एक खाच खाली बसवली की सुई वर उचलली जाते, म्हणजे पेट्रोल जास्त. शिलाई मशीनवर दोऱ्याचा ताण कमीजास्त करणाऱ्या बाईला हे अवघड का जावं?

जेटची भोकं कचऱ्याने बुजली होती. मी सवयीने स्टोव्हची पिन आणायला उठले, तर आबांनी हात धरला. "न्हाय! पितळ मऊ असतंय. पिन घातली की भोक मोठं होतंय आणि माप बिघडतंय." जेट पेट्रोलमध्ये भिजवून, सायकलच्या पंपाने हवा मारून साफ केले. उजेडाकडे धरले की भोकातून सूर्याचा कण दिसला पाहिजे, ही आबांची परीक्षा.

फिरवते मी, ऐकते मीच!

किक मारायचीही एक रीत आहे, बरं का. चावी फिरवायची, किकवर हळू पाय दाबत न्यायचा आणि अँपिअर मीटरच्या काट्याकडे बघायचं. काटा मधोमध आला की डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून किक किंचित पुढे सरकवायची, खटका सोडायचा आणि मग मनापासून एकच किक. घाई केली तर किक उलटते आणि नडगी सुजते. ते काम लेकाने केलं.

गाडी सुरू झाल्यावर मी लगेच स्क्रूकडे हात नेला. आबांनी पुन्हा थांबवलं. थंड इंजिनवर ट्यूनिंग करायचं नाही. आधी गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून गरम करायची. तव्यावर पहिली भाकरी टाकण्याआधी तवा तापू देतो, तसं.

गाडी गरम होऊन आली. कार्बोरेटरच्या बाजूला दोन स्क्रू. एक 'स्लो'चा, त्याने उभ्या गाडीचा ठोका कमीजास्त होतो. दुसरा हवेचा. आबांनी हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेला आणि मग दीड वेढा बाहेर आणला. "हितनं सुरुवात," म्हणाले. मग एकेक पाव वेढा फिरवायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. मी हाताने सांगायची, ठोका वाढला, ठोका घटला, अडखळला.

अर्ध्या तासात त्यांचे हात थरथरायला लागले. स्क्रूची खाच सापडेना. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात ठेवला आणि स्वतः पेट्रोलच्या टाकीवर तळहात टेकून उभे राहिले. कानाने नाही, तर हाताने ऐकत!

पहिल्या दिवशी मी गोंधळच घातला. स्क्रू आत नेला की हवा कमी, म्हणजे पेट्रोल जास्त. बाहेर काढला की उलट. हे डोक्यात बसेना. दोनदा गाडी बंद पाडली. ह्यांनी दारातून विचारलं, "आज जेवायला काय, पेट्रोल का?" मी म्हटलं, "पिठलं केलंय, वाढून घ्या." लग्नानंतर हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले असेन!

दुसऱ्या दिवशी कान लागला. स्क्रू आत नेत गेले की ठोका जड, घोगरा होतो. बाहेर काढत गेले की कोरडा, उतावळा होतो. या दोन्हींच्या मध्ये एक जागा येते, तिथे ठोका सगळ्यात भरीव आणि एकसारखा लागतो. ती सापडली की थांबायचं आणि मग 'स्लो'चा स्क्रू सैल करून ठोका निवांत करायचा. चिंचेचा कोळ आणि गूळ आमटीत जमला की जीभ सांगते ना, 'बास'! तसा कान सांगतो.

प्लगचा रंग आणि दुधाची वही

उभी गाडी सुधारली, पण पळताना दम लागणं चालूच होतं. आबा म्हणाले, "प्लग बघ." कालव्याकडेच्या मोकळ्या रस्त्याला लेकाने गाडी जोरात पळवली आणि पळत्या गाडीतच क्लच दाबून इंजिन बंद करून आणलं. प्लग काढला तर टोक पांढरंफटक. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिन आतून उपाशी होतं, म्हणून तापत होतं. प्लग काळा, काजळी धरलेला असता तर पेट्रोल जास्त. बरोबर जमलं की टोकाचा रंग खरपूस बिस्किटासारखा येतो.

आता उलगडा झाला. लेकाने फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर लावला, सायलेन्सर मोकळा केला. इंजिनला हवा भरपूर मिळायला लागली, पण जेट जुन्याच मापाचा राहिला. जेवणाऱ्यांची पंगत वाढवली आणि तांदूळ तेवढेच शिजवले, असा प्रकार. नवा कार्बोरेटर टाकून काय होणार होतं? जेटवर बारीक आकडा कोरलेला असतो. आकडा मोठा तेवढं भोक मोठं. पुण्याच्या नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे. तिथून लेकाने एकेक आकडा चढते मेन जेट आणले. साडीच्या फॉल-पिकोइतकाच काय तो खर्च.

इथे मी एक शहाणपण केलं. दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं घेतली आणि रोजचं लिहून ठेवलं. कोणता जेट, सुईची क्लिप कितव्या खाचेत, हवेचा स्क्रू किती वेढे, प्लगचा रंग कसा. आणि नियम केला की एका वेळी एकच बदल करायचा. चार मसाले एकदम बदलले तर रस्सा कशाने बिघडला, ते कसं कळणार?

आठवड्याने उघड्या फिल्टरवर काळा थर दिसला. हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून उडणारी बगॅसची काजळी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरही पडते. वर उसाच्या रस्त्यांची धूळ. हे सगळं इंजिनमध्ये जाणार! लेकाला बोट फिरवून दाखवलं. त्याने मुकाट्याने फिल्टरचा जुना डबा परत बसवला. मग हवा कमी झाली, म्हणून जेटही एक आकडा खाली आणला. वहीत सगळं होतं, त्यामुळे अर्ध्या दिवसात काम झालं.

आपल्याच उसाचं पेट्रोल

तरीही एक कोडं राहिलं. सायलेन्सर जुना, फिल्टर जुना, मग आबांच्या काळच्या मापावर प्लग बिस्किटी रंगाचा यायला हवा. तो फिकाच येत होता. शिवाय वाटीत पांढरी भुकटी साचलेली आणि पेट्रोलची रबरी नळी फुगून मऊ झालेली. आबांनाही हे नवीन होतं.

उत्तर थोरलीने दिलं. ती इंजिनिअर आहे. फोनवर म्हणाली, "आई, पेट्रोल बदललंय. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असतं." २००३ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्क्यांनी सुरुवात झाली, २०२२ मध्ये देशात दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचं ई-२० पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचलं. हे इथेनॉल येतं कुठून? धान्यापासून आणि उसाच्या रस-मळीपासूनही. म्हणजे आमच्याच शिवारातला ऊस आमच्याच बुलेटच्या टाकीत! त्यामुळे कारखान्यांच्या हाती पैसा येतो, परदेशातून तेल कमी आणावं लागतं, हे खरंच. उसावर जगणाऱ्या घराने त्याला नावं कशी ठेवायची? पण १९७४ च्या गाडीला हे पचायला जड जातं, हेही खरं.

इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो. त्यामुळे त्याला बाहेरची हवा कमी लागते, एका भागाला सुमारे नऊ भाग. जुन्या मापाच्या जेटमधून ई-२० गेलं की मिश्रणात हवा जास्त होते. नव्या गाड्यांत हे माप संगणक सांभाळतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाल्यावर बहुतेक सगळ्या नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेलाच. जुन्या गाडीत मात्र तो संगणक म्हणजे आपला कान. दुसरं म्हणजे, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते पाणी तळाशी बसतं, धातू खातं आणि तीच ती पांढरी भुकटी. जुन्या प्रकारचं रबर त्यात फुगतं.

इलाज साधाच निघाला. नळी आणि रबरी वॉशर नव्या पेट्रोलला टिकणारे आणले. सुईची क्लिप एक खाच खाली बसवली आणि हवेचा स्क्रू पाव वेढा आत घेतला. प्लग काढला. खरपूस बिस्किट!

इंग्लंडमधली एक बाई

थोरलीने तेव्हाच मला आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला ऐकवते. बिअ‍ॅट्रिस शिलिंग नावाची एक इंग्रज बाई होती, १९०९ सालची. चौदाव्या वर्षी तिने मोटरसायकल घेतली, पुढे इंजिनिअर झाली आणि १९३४ मध्ये ब्रूकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावर ताशी सुमारे १७० किलोमीटर वेगाने गाडी पळवून मानाचा गोल्ड स्टार मिळवला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या लढाऊ विमानांची एक अडचण होती. नाक खाली करून एकदम सूर मारला की इंजिन अडखळायचं, कारण कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उसळून भलतीकडे जायचं आणि मग इंजिन पेट्रोलने गुदमरायचं. जर्मन विमानांत कार्बोरेटरच नव्हता, ती निसटायची. शिलिंगबाईंनी पेट्रोलच्या वाटेत बसवायला मधोमध भोक असलेला एक छोटासा पितळी तुकडा तयार केला. पेट्रोल हवं तेवढंच जाईल, असं माप ठेवून. १९४१ च्या सुरुवातीला त्या स्वतः माणसं घेऊन विमानतळोविमानतळी फिरल्या आणि तो बसवून दिला.

वैमानिकांचे जीव एका भोकाच्या मापावर! आणि ते माप एका बाईने काढलं. हे मी आबांना कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मग? बायांचा हात मापाला पक्काच असतोय. मीठ कोण टाकतंय रोज?"

साडी गार्ड परत आला

गाडी जमली, आता तिची कागदं आणि नियम बघितले. ते तुम्हालाही सांगते, कारण घरोघरी मुलं जुन्या गाड्या अशा सजवत आहेत. कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. मोठा बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते. कानठळ्या बसवणाऱ्या सायलेन्सरला दंड आहेच. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळू शकतो. पण गाडी मूळ स्वरूपात हवी आणि मग ती रोज वापरता येत नाही. आम्हाला ती वापरायची होती, म्हणून साधंच पासिंग ठेवलं.

आणि साडी गार्ड! तो काही शोभेचा दागिना नाही. मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू न देणारं संरक्षण हवंच, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. चाकात पदर किंवा ओढणी अडकून किती जणींचा घात झाला, हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. लेकाला म्हटलं, "तुझं हॅन्डल राहू दे, तुझी सीट राहू दे. पण ज्या गाडीवर तुझी आजी मला धरून बसली होती, तिला साडी गार्ड लागलाच पाहिजे." त्याने स्वतः रंग देऊन बसवला. विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी लेकाने एका किकेत गाडी सुरू केली. मी कान दिला. डग... डग... डग... मध्ये एक घोट चहा प्यावा, तशी. आबांनी टाकीवर तळहात ठेवला. बराच वेळ तसेच उभे राहिले. अँपिअर मीटरचा काटा प्रत्येक ठोक्याला हलकेच मान डोलवत होता. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "आलं न्हवं?"

मी मान हलवली. "आलं, आबा."

आता शेजारपाजारची पोरं त्यांच्या आजोबांच्या गाड्या घेऊन आमच्या अंगणात येतात. आबा खुर्चीवर बसून सांगतात, मी ऐकते आणि फिरवते. परवा एका पोराने विचारलं, "काकू, हे तुम्ही कुठं शिकलात?" मी म्हटलं, "इथंच. फक्त विचारायला पंचवीस वर्षं लागली."

हे लक्षात ठेवा

• आधी प्लग, पॉइंट आणि टॅपेट तपासा. ते बिघडलेले असतील तर कार्बोरेटर कितीही फिरवून उपयोग नाही.

• ट्यूनिंग गरम इंजिनवर आणि उघड्या जागेत करा. चूल, गॅस, उदबत्ती जवळ नको. पदर, ओढणी खोचून आणि केस बांधून घ्या.

• हवेचा स्क्रू आत नेताना जोर लावू नका, टोक मोडतं. सुरुवात दीड वेढ्यापासून करा.

• स्क्रू एक वेढ्याच्याही आत न्यावा लागत असेल तर स्लो जेट मोठा हवा. अडीच-तीन वेढ्यांच्या पुढे काढावा लागत असेल तर लहान.

• जेटमध्ये पिन, तार, सुई घालू नका.

• गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल काढून टाका.

• प्रत्येक बदल वहीत लिहा आणि एका वेळी एकच बदल करा.